जुनी टर्बो गाडी घेऊन तिची ताकद वाढवताय? या चुका टाळा

दसरा आणि पाडव्याच्या आसपास मला हमखास फोन येतात. कधी बीडहून, कधी परभणीहून. "दादा, २०१५ ची स्कोडा ऑक्टेव्हिया मिळायलीय. स्टेज वन केलेली आहे. घेऊ का?" स्टेज वन म्हणजे इंजिनाच्या संगणकाचं प्रोग्रॅमिंग, म्हणजे मॅप, बदलून वाढवलेली ताकद; त्यालाच रिमॅप म्हणतात. मी नको म्हणतो, समोरचा नाराज होतो, आणि सहा महिन्यांनी त्याच गाडीसाठी गिअरबॉक्सवाल्याचा नंबर मागायला पुन्हा फोन करतो. हे इतक्या वेळा झालंय की एकदा सगळं लिहूनच ठेवतो.

दुसऱ्याने ‘तयार’ केलेली गाडी घेणे

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि मला सगळ्यांत जास्त त्रास देणारीही हीच. "सगळं काम झालेलं आहे, तुम्हाला फक्त चालवायचीय" असं विकणारा म्हणतो, तेव्हा त्याने ती गाडी किती पिळलीय हे तुम्हाला कळत नाही.

माझा भाचा जालन्यात राहतो, रोज शेंद्र्याला कामाला जातो. त्याने पुण्यातून १.८ टीएसआय (१.८ लिटर टर्बो पेट्रोल) ऑटोमॅटिक आणली, आधीच रिमॅप केलेली. विकणाऱ्याने शून्य ते शंभरचा व्हिडिओ दाखवला आणि याने टोकन दिलं. मला दाखवायला आणली तेव्हा व्यवहार होऊन गेला होता. पहिला महिना खूश होता. मेमध्ये घरच्यांना घेऊन तुळजापूरला निघाला. बीड सोडल्यावर मांजरसुंब्याच्या घाटात एक ट्रक बंद पडलेला. पाऊण तास चढावर एकेक फूट सरकत गाडी पुढे नेली. मग फोन आला, "मामा, नुसता आवाज यायलाय, गाडी ओढायलीच नाही. रिव्हर्स पण पडंना."

रिव्हर्स पडंना म्हणाला तिथेच मला अंदाज आला. या सात गिअरच्या डीएसजीत, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, दोन कोरडे क्लच असतात. एक १, ३, ५, ७ सांभाळतो, दुसरा २, ४, ६ आणि रिव्हर्स. दुसरा गेला की सम गिअर आणि रिव्हर्स एकदमच जातात. गॅरेजात बॉक्स खाली उतरवला तर क्लचच्या प्लेटी निळ्या पडलेल्या, अस्तर जळून गेलेलं. हा गिअरबॉक्स मुळात २५० न्यूटन-मीटर टॉर्कसाठी, म्हणजे तेवढा पीळ झेलायला, बनवलेला. १.८ टीएसआयचं इंजिन कंपनीतूनच २५० देतं, म्हणजे वर जागाच ठेवलेली नाही. रिमॅप केल्यावर तेच इंजिन ३५० च्या आसपास सहज जातं. सपाट रस्त्यावर हे चार-सहा महिने कळत नाही. चढ, गर्दी आणि मेचं ऊन एकत्र आलं की कोरड्या क्लचला गार व्हायला वावच मिळत नाही. खर्च लाखाच्या पुढे गेला. घाटात पोराबाळांना उन्हात बसावं लागलं, त्याचं मला जास्त वाईट वाटलं.

म्हणून माझा नियम असा: गाडी पूर्ण कंपनीची घ्यायची, मग ती थोडी कमी ताकदवान का वाटेना. ऑटोमॅटिकच हवी आणि ताकदही हवी तर २०१७ ची ऑक्टेव्हिया आरएस २३० शोधा. कंपनीतूनच २३० पीएस (अश्वशक्ती), ३५० न्यूटन-मीटर, आणि सहा गिअरचा ओल्या क्लचचा बॉक्स, म्हणजे क्लच तेलात बुडालेला. त्याचं तेल दर ६०,००० किलोमीटरला बदललंय का, याची पावती मागा. पावती नसेल तर उठून या. हाताने गिअर टाकायची तयारी असेल तर स्कोडाचीच लॉरा आरएस, १६० पीएस, सहा गिअर. माझ्या मते रोजच्या वापराला तीच सगळ्यांत समजूतदार गाडी आहे. फक्त त्या पिढीच्या इंजिनात ऑइल पिणं आणि टायमिंग चेनचा टेन्शनर (चेन ताणून ठेवणारा भाग) या दोन गोष्टी आधी तपासून घ्या. शेंद्र्याच्या कारखान्यात २००१ पासून स्कोडा जोडल्या जात होत्या, त्यामुळे संभाजीनगरात या गाड्यांवर हात बसलेले फिटर सापडतात. पुण्याला पळायच्या आधी इथे विचारा.

इंजिन गरम असताना गाडी बघणे

विकणाऱ्याला आधीच सांगा, मी आल्यावरच चालू करायची. पोहोचल्यावर पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर संध्याकाळी पुन्हा या. चेनची खडखड, निळा धूर, क्लचची थरथर, हे सगळं गार इंजिनावरच उघडं पडतं. हलक्या चढावर रिव्हर्समध्ये हळू मागे घेऊन बघा. स्कॅनर लावून सिलिंडरनिहाय मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं) बघा. मागच्या मालकाने विकताना मॅप काढून टाकलेला असतो, पण होजवर (रबरी नळ्यांवर) बाजारातल्या पट्ट्या आणि डाउनपाइपच्या (टर्बोमागच्या धुराच्या नळीच्या) बोल्टवर पान्याचे ताजे ओरखडे राहतात. मी तिथेच बघतो.

पुण्याच्या थंडीतला मॅप लातूरच्या उन्हात

टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, इंटरकूलर तिला गार करतो. पण बाहेरच ४२ अंश असेल तर गार होऊन होऊन किती होणार? सिग्नलवर चार मिनिटं थांबलात की इंजिनात जाणारी हवा ६० च्या वर जाते. मग नॉकिंग (पेट्रोल आपोआप पेटून होणारी ठकठक) सुरू होतं, ईसीयू (इंजिनाचा संगणक) इंजिनाला वाचवायला ठिणगीची वेळ मागे घेतो, आणि पैसे देऊन घेतलेली ताकद दुपारी गायब. डिसेंबरच्या सकाळी डायनोवर (ताकद मोजायच्या यंत्रावर) निघालेला कागद मेमध्ये काही कामाचा नाही.

पेट्रोलचंही तसंच. साधं पेट्रोल बरीच वर्षं ९१ ऑक्टेनचं असायचं. ऑक्टेन जितका जास्त, तितकं नॉकिंग कमी. मॅप ९५ किंवा १०० वर बसवून घेतलात आणि रात्री अंबडच्या पुढे टाकी संपली, तर जे मिळेल तेच भरावं लागणार. मी स्वतः ९१ वरही सुरक्षित राहील असाच हलका मॅप घेतो आणि वरून ९५ टाकतो. लोक म्हणतात, पंधरा-वीस पीएस सोडलेस. सोडले. आणि मॅप घेण्याआधी मोठा इंटरकूलर. हा क्रम उलटा करणाऱ्यांशी मी वाद घालणं आता थांबवलंय.

उन्हाळ्यात एक दिवस दुपारी तीन वाजता चढाच्या रिकाम्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये २,००० ते ४,००० आरपीएमपर्यंत गाडी खेचून स्कॅनरने लॉग (आकड्यांची नोंद) काढा आणि तो ट्यूनरला, म्हणजे मॅप बनवणाऱ्याला, पाठवा. लॉग बघायला नको म्हणणारा ट्यूनर बदला.

रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी

हे आपल्याकडचं खास दुखणं. कूलंट थोडं कमी दिसलं की पेट्रोल पंपावरचा नळ, नाहीतर घरचं बोअर. आपल्या बोअरच्या पाण्याने गिझरची कॉइल कशी पांढरी होते ते घरोघरी माहीत आहे. तोच क्षार थर्मोस्टॅटमध्ये आणि टर्बोच्या बारीक नळ्यांत बसतो. भाच्याच्या गाडीचं कूलंट काढलं तेव्हा गुलाबीच्या जागी चहासारखं निघालं. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. डिक्कीत दोन लिटर तयार मिश्रण मी कायम ठेवतो. आणि पातळी पुन्हा पुन्हा उतरत असेल तर ओतत बसू नका, गळती शोधा. १.८ आणि २.० मध्ये वॉटर पंपाचं प्लास्टिकचं हाउसिंग आधी बघा.

उघडा कोन एअर फिल्टर

आवाज छान येतो, मान्य. पण तो इंजिनाजवळची गरम हवा ओढतो, आणि काळ्या मातीची धूळ उडते त्या दिवसांत टर्बोच्या पात्यांवर काय जातं ते पात्यांनाच ठाऊक. कंपनीच्या बंद डब्यात चांगला कागदी फिल्टर घाला आणि उन्हाळ्यात ५,००० किलोमीटरला बदला.

ऑइल १५,००० ला बदलणे

ताकद वाढवलेल्या गाडीत नाही. मी ७,००० ला बदलतो.

गाडी खाली बसवणे, १८ इंची चाकं

गावातले गतिरोधक बघा आणि ठरवा.

कागद

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करता येत नाही. विमा कंपनीला न सांगता केलेला बदल अपघातानंतर दावा फेटाळायला कारण ठरू शकतो. म्हणून बदलाआधी लेखी कळवा आणि लेखीच उत्तर घ्या. परराज्यातली गाडी असेल तर एनओसी हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

ब्रेक आणि टायर शेवटी ठेवणे

ऐंशी हजार रुपये मॅपवर आणि ब्रेक ऑइल पाच वर्षं जुनं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा मुरला की हीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. कन्नडचा घाट उतरताना ते उकळलं तर पेडल थेट जमिनीला टेकतं. दोन वर्षांनी बदला, मग रंग कसाही दिसो.

टायरच्या कडेला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. पाच वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही नवी दिसली तरी मी काढतो. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे, पण उन्हात तापलेल्या काँक्रीटवर तासन्‌तास तेवढ्या वेगाने जाणं हीच टायरची खरी परीक्षा, आणि हवा कमी असेल तर टायर आतून तापतो. सकाळी गार टायरवर स्वतःच्या गेजने हवा बघा. पंपावरच्या मीटरवर मी विसंबत नाही.

भाच्याच्या गाडीत आता नवे क्लच आहेत आणि कंपनीचाच मॅप. रोज जालना ते शेंद्रा, तक्रार नाही. परवा विचारत होता, "मामा, आता पुन्हा स्टेज वन करू का?" त्याला चार टायर आणि ब्रेक ऑइलची यादी लिहून दिलीय.