गृहीतक ओळखा: या चुका टाळा

गृहीतक म्हणजे उताऱ्यात न लिहिलेली, पण निष्कर्ष टिकायला खरी धरावी लागणारी गोष्ट. ते ओळखायच्या प्रश्नात मार्क जातात ते बहुधा घाईमुळे. निष्कर्ष कोणता आणि त्याला आधार काय दिलाय, हे वेगळं न करताच पर्यायांकडे वळलं की चारही पर्याय बरोबर वाटायला लागतात. आधी निष्कर्षाखाली रेघ मारा. 'म्हणून', 'म्हणजे', 'त्यामुळे', 'यावरून' यांच्या पुढे तो सापडतो. 'कारण'च्या पुढे आधार असतो.

हा नमुना बघा:

ग्रंथालयाची वेळ रात्री ८ ऐवजी १० पर्यंत केली. पुढच्याच महिन्यात घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या वाढली. म्हणजे वेळ वाढवल्यामुळे लोकांचं वाचन वाढलं. यात गृहीतक कोणतं?

(अ) पुस्तक नेणारा प्रत्येक जण ते शेवटपर्यंत वाचतो.
(ब) नेलेल्या पुस्तकांपैकी काही तरी वाचली जातात.
(क) वेळ आणखी वाढवली तर वाचनही आणखी वाढेल.
(ड) ग्रंथालय आता पूर्वीपेक्षा दोन तास जास्त उघडं असतं.

आधारात पुस्तकं 'नेली' आहेत, निष्कर्षात मात्र एकदम 'वाचन' आलं. आधारात नसलेला शब्द निष्कर्षात दिसला की गृहीतक बहुतेक तिथेच दडलेलं असतं.

(ड) उताऱ्यातच आहे. गृहीतक म्हणजे न लिहिलेली गोष्ट, त्यामुळे तो बाद. (क) निष्कर्षाच्या पुढे जातो. ते अनुमान झालं. खरी गल्लत (अ) आणि (ब) मध्ये होते. (अ) जोरदार वाटतो म्हणून बरेच जण तोच निवडतात. इथे पर्याय उलटा करून बघायचा: उलटा केल्यावर युक्तिवाद कोसळला, तरच ते गृहीतक.

पण उलटं करतानाच चूक होते. 'प्रत्येक जण वाचतो' याच्या उलट 'कुणीच वाचत नाही' असं नाही, तर 'निदान एक जण तरी वाचत नाही' असं होतं. एखाद्याने पुस्तक अर्धवट सोडलं म्हणून 'वाचन वाढलं' हे खोटं ठरत नाही; (अ) गेला. 'काही'च्या उलट मात्र 'एकही नाही'. नेलेलं एकही पुस्तक वाचलं जात नसेल तर निष्कर्षात काही उरतच नाही. उत्तर (ब).

'फक्त', 'एकमेव', 'नेहमी' असे शब्द दिसले की पर्याय खोडायचा, ही पाठ केलेली युक्ती दर वेळी चालत नाही. समजा पर्याय असा आहे: 'संख्या वाढण्याचं एकमेव कारण त्याच महिन्यात आलेली नवी पुस्तकं हे नव्हतं.' नकारार्थी, वर उताऱ्यात नव्या पुस्तकांचं नावही नाही, म्हणून तो विषयाबाहेरचा वाटतो. उलटा करा: नवी पुस्तकं हेच एकमेव कारण होतं. मग वाढीव वेळेचं श्रेय गेलंच! म्हणजे हेही गृहीतक. 'अमुक झालं, मग तमुक झालं, म्हणून अमुकमुळे तमुक' अशा प्रत्येक युक्तिवादात हे सगळं दुसऱ्याच कारणामुळे झालेलं नाही, हे धरलेलं असतं.

सूचना किंवा जाहिरातीच्या विधानांत वेगळा घोळ होतो. 'लिफ्ट बंद आहे, जिना वापरा' या सूचनेत 'सगळे ती पाळतील' हे गृहीत नाही. निदान काही जण ती वाचतील, एवढंच आहे. शिवाय सूचना योग्य की अयोग्य, हे तुम्हाला विचारलेलंच नसतं.

तरीही दोन पर्यायांत अडकलात, तर दोन्ही उलटे करून निष्कर्षाच्या ओळीला लावा, अख्ख्या उताऱ्याला नाही.