शाळेत तंत्रज्ञान आणताना या चुका टाळा

स्मार्ट बोर्ड, टॅब, ॲपवर हजेरी, रोजचा व्हिडिओ. पालक, व्यवस्थापन, शिक्षण विभाग, प्रत्येकाच्या अपेक्षा वाढत आहेत आणि त्या सगळ्या येऊन पडतात वर्गशिक्षकावर.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे आधी खरेदी आणि मग विचार. पेरू देशात ग्रामीण भागातल्या ३१९ प्राथमिक शाळांचा अभ्यास झाला, तो २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सरकारी योजनेतून मुलांच्या हातात लॅपटॉप आले, वापरही वाढला. गणितात आणि भाषेत मात्र प्रगती दिसली नाही. म्हणून खरेदीची यादी करण्याआधी धड्यांची यादी करा. मुलं नेमकी कुठे अडतात ते शिक्षकांनाच विचारा. चंद्राच्या कला किंवा पेशीविभाजन फळ्यावर हलवून दाखवता येत नाही, तिथे पडदा खरोखर कामाला येतो. अपूर्णांकाला कागदाची घडी पुरते, आणि माझ्या मते ती ॲनिमेशनपेक्षा सरसच, कारण घडी मूल स्वतः घालतं.

दुसरी चूक, तासभर टॅब उघडे ठेवणं. पिसा या पंधरा वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत, २०२२ मध्ये, ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या संघटनेतल्या देशांतल्या सरासरी ६५ टक्के विद्यार्थ्यांनी सांगितलं की गणिताच्या निदान काही तासांना डिजिटल उपकरणांमुळे त्यांचं लक्ष विचलित होतं. काम झालं की ‘टॅब पालथे’ ही सूचना पहिल्या आठवड्यापासूनच लावा.

ऐन तासाला नेट गेलं तर? व्हिडिओ आदल्या दिवशी उतरवून ठेवा, तोही ज्या यंत्रावर दाखवायचा त्याच यंत्रावर. आवाज शेवटच्या बाकावर जाऊन ऐका. पासवर्ड विसरणारी मुलं दहा मिनिटं खातात. लहान वर्गांसाठी प्रत्येकाचं लॉगिन कार्ड शिक्षकाकडे असू द्या.

घरी प्रत्येकाकडे स्वतंत्र फोन आहे असं धरून गृहपाठ देऊ नका. एका फोनवर तीन भावंडं असतील, तर ज्याचा नंबर शेवटचा त्याचा अभ्यास राहतो आणि वर्गात आळशी म्हणून बोलणीही त्यालाच बसतात. हे फार अन्यायाचं आहे. तोच गृहपाठ वहीत करण्याची सोय ठेवा.

शिक्षकांना एक दिवसाचं प्रशिक्षण देऊन मोकळं होऊ नका. पुढच्या आठवड्यात शिकवायचा पाठ घेऊन बसवा, अडचणी तिथेच निघतात. आणि हजेरी ॲपवर घ्यायची ठरली, तर कागदी हजेरीपट बंद करण्याचा लेखी आदेश त्याच दिवशी काढा. नाहीतर शिक्षक दोन्हीकडे तीच नावं भरत राहतात.