नेपाळ फिरताना या चुका टाळा: नाशिकहून निघणाऱ्यांसाठी

नाशिकहून मुंबई पावणेदोनशे किलोमीटरच्या आत. कसारा घाटात ट्रक आडवा पडला नाही तर चार तासांत काम होतं. हाच हिशेब डोक्यात ठेवून नेपाळचा कार्यक्रम आखला, की तो पहिल्याच दिवशी कोलमडतो. काठमांडू ते पोखरा सुमारे २०० किलोमीटर. त्याला सात-आठ तास धरायचे आणि रस्त्याचं काम चालू असेल तर दहाही. पोखरा ते मुक्तिनाथ अंतर त्याहून कमी, पण बेनीच्या पुढे कालीगंडकीच्या काठाने जीप जाते तेव्हा अख्खा दिवस मोडतो. नेपाळात अंतर तासांत मोजायचं आणि मुक्कामाची जागा उंची बघून ठरवायची.

आठ दिवसांत लुंबिनी, चितवन, काठमांडू, पोखरा आणि मुक्तिनाथ हे सगळं बसवणं ही सर्वांत मोठी चूक. अशा सहलीतले निम्मे दिवस गाडीच्या सीटवर जातात. नाशिकरोडहून रेल्वेने गोरखपूर, तिथून सीमेवरचं सुनौली गाठणार असाल तर काठमांडू खुशाल सोडा. लुंबिनी सीमेपासून जवळ आहे आणि तिथून तानसेनमार्गे सिद्धार्थ महामार्गाने थेट पोखऱ्याला जाता येतं. ओझरहून दिल्ली आणि पुढे विमानाने काठमांडूला जाणाऱ्यांनी काठमांडू, चितवन आणि पोखरा एवढंच धरावं. मुक्तिनाथ हवंच असेल तर त्यासाठी पोखऱ्यापासून पुढे निदान चार दिवस वेगळे काढा.

उंचीची चूक

इथे जरा थांबून वाचा, कारण बाकीच्या चुकांनी पैसे जातात, या चुकीने माणूस जाऊ शकतो.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. काठमांडू १,४०० मीटरवर. मग पोखरा? ते उलट खाली, ८०० मीटरच्या आसपास. म्हणजे पोखऱ्यात दोन दिवस काढले तरी शरीराला उंचीची सवय अजिबात होत नाही. तिथून पहाटे जीपमध्ये बसून संध्याकाळी ३,७०० मीटरवर मुक्तिनाथला मुक्काम केला, तर शरीर एका दिवसात जवळजवळ तीन हजार मीटर वर चढतं. कळसूबाईचा माथा १,६४६ मीटरवर आहे; मुक्तिनाथ त्याच्या दुपटीहूनही उंच. दर रविवारी हरिहर किंवा ब्रह्मगिरी चढणाऱ्यालाही इथे डोकेदुखी गाठते. दम असणं वेगळं, विरळ हवेची सवय असणं वेगळं.

उपाय साधा आहे. पोखऱ्याहून निघाल्यावर पहिली रात्र दोन हजार मीटरच्या आसपास घासाला आणि दुसरी मार्फा किंवा जोमसोमला काढा (दोन्ही साधारण २,७०० मीटर). मुक्तिनाथला सकाळी जाऊन दर्शन घ्या आणि झोपायला खाली कागबेनी किंवा जोमसोमला या. तीन हजार मीटरच्या वर मुक्काम करायचाच असेल तर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) घ्यायची की नाही हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा. मेडिकलमधून स्वतःच आणून शेजाऱ्याला अर्धी देऊ नका.

डोकं दुखतंय, मळमळतंय, झोप लागत नाही, एवढंच असेल तर आणखी वर न जाता तिथेच थांबा. पण माणूस सरळ रेषेत चालताना झोकांड्या देतोय, असंबद्ध बोलतोय किंवा बसल्या जागी धापा टाकतोय, तर सकाळची वाट न बघता रात्रीच खाली उतरवा. मद्य आणि झोपेच्या गोळ्या या काळात बंद.

रामकुंडावर बुडी मारायची सवय असलेल्यांना मुक्तिनाथच्या १०८ धारांखाली धावायचा मोह होतो. पाणी बर्फासारखं, त्यात चढून आल्याने छाती भरलेली. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी हातपाय ओले करून डोक्यावर पाणी शिंपडावं, पुण्य कमी होत नाही. बाकीच्यांनी दहा मिनिटं बसून, श्वास जागेवर आल्यावर जावं. टॉवेल आणि कोरडे कपडे हाताशी असू द्या.

वारा, पाऊस, धुकं

निफाडची थंडी सोसलेल्याला वाटतं, एक जाड स्वेटर पुरेल. पण कालीगंडकीच्या खोऱ्यात दुपारपासून जो वारा सुटतो तो लोकरीतून आरपार जातो. स्वेटरवर वारा अडवणारं जॅकेट हवं, शिवाय धुळीसाठी नाक-तोंड झाकायला मोठा रुमाल आणि गॉगल. याच वाऱ्यामुळे जोमसोमची विमानं फक्त सकाळी उडतात. सकाळी ढग असले की उड्डाण रद्द. म्हणून परतीच्या विमानाच्या किंवा रेल्वेच्या आदल्या दिवशी जोमसोममध्ये असणं म्हणजे जुगार. मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवा.

पावसाळ्यात इगतपुरी सुंदर दिसते म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये नेपाळही दिसेल, असं नाही. शिखरं ढगात असतात आणि रस्ते दरडींखाली. जुलै २०२४ मध्ये नारायणगढ–मुगलिंग रस्त्यावर सिमलतालजवळ दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत वाहून गेल्या. मुस्तांग (जोमसोम-मुक्तिनाथचा जिल्हा) पर्जन्यछायेत आहे हे खरं, पण तिथे पोचायचा रस्ता भरपावसातूनच जातो. मार्च-एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर चांगला. फक्त दसैंच्या (नेपाळच्या दसऱ्याच्या) दिवसांत बसची तिकिटं मिळत नाहीत आणि बरीच दुकानं बंद असतात. डिसेंबर-जानेवारीत तराईत (सीमेलगतच्या सखल पट्ट्यात) दाट धुकं असतं, गोरखपूरच्या गाड्या तासन् तास उशिरा धावतात.

कागद आणि पैसे

प्रौढ माणसाने विमानाने जाताना पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र न्यावं. केवळ आधार कार्डावर विसंबून विमानतळावरून परत फिरणारे कमी नाहीत. नोटांचे नियम वेळोवेळी बदलले आहेत, त्यामुळे भारतीय शंभराच्या नोटा नेणं सर्वांत सुरक्षित. १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी. दर सांगताना ‘आयसी की एनसी?’ हे दरवेळी विचारा. आयसी म्हणजे भारतीय. शहरात काही ठिकाणी यूपीआय चालतं, जोमसोमच्या पुढे त्यावर भरवसा नको.

एमएच १५ ची गाडी घेऊन जाणारे सीमेवर भन्सार (नेपाळचं सीमाशुल्क) भरतात, पण दिवस मोजून कमी भरतात आणि परतताना दंड देतात. एक-दोन दिवस जास्तीचे भरा. आणखी एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: गाडीची नेहमीची पॉलिसी भारतापुरतीच असते. नेपाळसाठी विमा कंपनीकडून क्षेत्रवाढीचं एन्डॉर्समेंट निघण्याआधी घ्यावं लागतं. माणसांच्या प्रवास विम्यातही उंचीची मर्यादा किती मीटर आणि हेलिकॉप्टरचा खर्च धरलाय का, ही दोन कलमं वाचा.

मुस्तांगकडे जाताना अन्नपूर्णा क्षेत्राचा परवाना लागतो. तो पोखऱ्यातच काढा, पासपोर्ट आकाराचे दोन-चार फोटो जवळ ठेवा. सार्क देशांच्या नागरिकांना दर कमी आहे, तेव्हा भारतीय असल्याचं आधी सांगा. कागबेनीच्या उत्तरेचा अप्पर मुस्तांग प्रतिबंधित भाग आहे (मुक्तिनाथ त्यात येत नाही), त्याला वेगळा आणि बराच महाग परवाना लागतो, भारतीयांनाही. जीपवाला ‘चला, बघू’ म्हणाला तरी निघू नका.

शाकाहारी मंडळींसाठी एक: पाटीवर ‘बफ’ लिहिलं असेल तर ते म्हशीचं मांस. दाल-भात मागा, थकाली (मुस्तांगकडच्या थकाली समाजाच्या) खानावळीत भात, डाळ आणि भाजी पुन्हा पुन्हा वाढतात, त्याचे वेगळे पैसे सहसा लागत नाहीत.