फुकट जेवण, फुकट लिफ्ट: गोव्यात परक्याच्या दारी कसं वागावं

देवळातल्या महाप्रसादाला बसायला लाजू नका, हे आधीच सांगून टाकते. फोंड्याच्या आसपासच्या देवळांत दुपारी पंगत बसते आणि पंगतीत तुम्ही कुठले, कोणाचे, हे कोणी विचारत बसत नाही. मी आमच्या गावच्या देवळात वाढायला जाते. घेणाऱ्याने देणाऱ्याचा अंदाज चुकवू नये, एवढंच माझं मागणं. फुकट देणारा माणूस अंदाजावरच चालतो: किती जण येतील, किती खातील, गाडी कुठवर नेऊ, खोली किती रात्री देऊ. हॉटेलवाल्याचा अंदाज चुकला तर तो दर वाढवतो. आमचा चुकला तर शेवटच्या पंगतीतली म्हातारी नुसता वरणभात खाऊन उठते.

तेव्हा पहिलं काम म्हणजे नाव सांगणं. बऱ्याच देवळांत सकाळी काउंटरवर कूपन घ्यावं लागतं. वेळ देवळागणिक वेगळी असते, म्हणून चपला काढल्या काढल्या विचारून घ्या. तो आकडा आचाऱ्याकडे जातो आणि त्यावर तो तांदूळ धुतो. खतखतं मात्र त्याच्या आधीच चुलीवर चढलेलं असतं. सुरण, कच्चं केळं, भोपळा, मका, शेवग्याच्या शेंगा असा सगळा बाजार चिरायचा, वर तिरफळं ठेचून घालायची, ते काही ऐनवेळी होत नाही. आगाऊ न सांगता चाळीस माणसं आली तर भाताचं आणखी एक आधण ठेवता येतं. खतखत्यात फक्त पाणी घालता येतं, आणि ते घालताना आमचा आचारी तोंड फिरवून उभा राहतो. सात जणांची कूपनं घेऊन पाचच जण जेवणार असाल तर दोन परत करा. सगळे हे विसरतात.

पानावर पहिल्या खेपेला थोडंच घ्या. नको असेल तेव्हा ‘पुरो’ म्हणा आणि हात पानावर आडवा धरा. भोजनशाळेत इतका गोंगाट असतो की वाढणाऱ्याला तोंडाचं ऐकू येत नाही, हात दिसतो. भात दुसऱ्यांदा येतोच. मणगणं, म्हणजे चणाडाळीची खीर, मात्र बहुतेकदा एकदाच फिरतं, त्यासाठी डबा पुढे करू नका. डब्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. घरी अंथरुणाला खिळलेलं कोणी असेल, त्याच्यासाठी प्रसाद न्यायचा असेल, तर जरूर मागा, पण शेवटची पंगत उठल्यावर. तेव्हा आतल्या बायका आपणहून हाक मारतात, ‘शीत उरलां, व्हर गे बाय’, म्हणजे भात उरलाय, घेऊन जा गं बाई. पंगत चालू असताना मागितलंत तर ते अजून न बसलेल्या माणसाच्या पानातलं मागणं झालं.

रोज येऊन जेवणारा माणूस लबाड का? मला हे नेहमी विचारतात, विचारणारे बहुधा वर्षातून एकदा येणारे असतात. आमच्याकडे रोजचे आहेत. बांधकामावरचे मजूर आहेत, एकटे राहणारे एक पेन्शनर काका आहेत. ते अंदाजात धरलेले असतात. काका दोन दिवस दिसले नाहीत तर कोणीतरी त्यांच्या घराकडे चक्कर मारून येतं. माझा राग वेगळ्याच माणसावर आहे. एका सहलवाल्याने आपल्या पत्रकात ‘दुपारचे जेवण समाविष्ट’ असं छापलं आणि बस थेट आमच्या पंगतीला आणून लावली. पाहुण्यांना कशाचाच पत्ता नव्हता. एका बाईंनी मला जरा घुश्शातच विचारलं, ‘पापड नाहीत का?’ त्यांचा तरी काय दोष? त्यांनी जेवणाचे पैसे मोजले होते, फक्त ते आमच्यापर्यंत पोचले नव्हते. तुम्ही कधी अशा बसमध्ये असलात तर जेवा पोटभर, पण उठताना काउंटरवर जाऊन पत्रक दाखवा. पुढचं भांडण आमचं आम्ही करू.

अग्रशाळेतली, म्हणजे देवळाच्या धर्मशाळेतली, खोली ही याहून नाजूक बाब. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने देव झुआरी नदीपलीकडून इकडे आले. कुशस्थळीचा मंगेश १५६० मध्ये प्रियोळला आला, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. फोंडा तेव्हा आदिलशाहीत होता, पोर्तुगीजांचा हात इथवर पोचत नव्हता. कुळावी, म्हणजे या देवांना कुळदैवत मानणारे लोक, तर कुठल्या कुठे पांगले, कारवार-मंगळूरपर्यंत गेले. एवढ्या लांबून आलेल्या माणसाने उतरायचं कुठे, त्यासाठी या खोल्या. भाडं हॉटेलच्या मानाने किरकोळ असतं, आणि म्हणूनच दिवसभर कळंगुटला राहून इथे नुसती पाठ टेकायला येणारे वाढलेत.

तुम्ही कुळावी नसाल तर तसं सांगा. फोनवर ‘आमची कुळदेवी’ म्हणणाऱ्याला ऑफिसातला माणूस दुसऱ्या वाक्यात ओळखतो, त्याने गोत्र विचारलं की पंचाईत. खरं सांगितलंत तर आडदिवशी बहुधा नाही म्हणत नाहीत. जत्रेच्या आणि नवरात्राच्या दिवसांत मागूच नका. आणि संध्याकाळी मासे खाऊन, दोन पेग घेऊन यायचा बेत असेल तर सरळ हॉटेल घ्या. त्यात वाईट काही नाही, गोव्यात लोक त्यासाठीच येतात.

मार्च-एप्रिलात डोंगरावरून चालत जात असाल तर काजूची झाडं लागतील, खाली पिवळे-तांबडे बोंडू पडलेले. खायला हरकत नाही. पण आमच्या भागात रीत अशी की बोंडू पिळून-चोखून खावा आणि बी पिरगळून काढून बुंध्याशी ठेवावी. मालक बिया गोळा करायला येतो, त्याचं वर्षाचं गणित त्यांवर असतं. बुंध्याशी चार-पाच बियांची लहानशी रास दिसली तर समजा, तुमच्याआधी कोणी जाणता माणूस खाऊन गेलाय. तुमची बी तिच्यातच टाका. ताजी बी दाताने फोडायला जाऊ नका, टरफलातल्या तेलाने ओठ भाजतात. चोराला तिथल्या तिथे शिक्षा देणारं दुसरं फळ मला माहीत नाही.

लिफ्टचं थोडक्यात. संध्याकाळनंतर गावांकडच्या बसगाड्या विरळ होतात आणि हात दाखवला की दुचाकी अजूनही थांबते. आधी ‘कुठवर जाता?’ विचारा, आपलं ठिकाण नंतर सांगा. नाहीतर भिडेपोटी माणूस दोन किलोमीटर वाकडी वाट करतो. उतरताना नोट काढू नका. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीला भाडं घ्यायचा परवाना नसतो, भल्या माणसाला उगाच अडचणीत कशाला आणायचं? पिवळ्या मडगार्डची मोटरसायकल म्हणजे पायलट, त्याचं पोट त्यावर आहे. त्याला ठरलेले पैसे द्या. आणि त्याच्या स्टँडसमोर उभं राहून दुसऱ्यांना हात दाखवू नका, पन्नास पावलं पुढे जा. रोज त्याच वळणावर, त्याच माणसाच्या मागे बसत असाल तर ती आता लिफ्ट राहिलेली नाही. चतुर्थीला त्याच्या घरी डबाभर नेवऱ्या पोचल्या पाहिजेत.

उलट काही द्यायचंच असेल तर देवळात पेटीत टाकण्यापेक्षा अन्नदानाची पावती फाडा, ते पैसे स्वयंपाकघराकडे जातात. पैसे नसतील तर हात द्या. वाढणारे कायम कमी पडतात, सुट्टीच्या दिवशी तर फारच. मात्र आपणच उठून बादली उचलू नका, आधी विचारा. पहिल्या दिवशी भाताचं भांडं कोणी हातात देणार नाही, मीठ देतील. मीठ सगळ्यांत आधी वाढायचं असतं, तेव्हा पानं मांडून होण्याच्या आत तयार राहा. आणि वाढणाऱ्यांची पंगत सगळ्यांत शेवटी बसते, म्हणून सकाळी घरून काहीतरी खाऊन या.