फोटोला आउटलाइन देताना या चुका टाळा

गणेशोत्सव जवळ आला की गिरगाव, लालबाग, परळ भागातील डिझाइनच्या दुकानांत एकाच कामाची रीघ लागते. कार्यकर्त्यांचे फोटो कापायचे, त्यांना पांढरी आउटलाइन द्यायची आणि बॅनरवर ओळीने बसवायचे. हे काम करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. फोटोशॉपमध्ये आउटलाइन देणाऱ्या, लेयर स्टाइलमधील ‘स्ट्रोक’ला माणसाची आकृती कळत नाही; लेयरवरचे (चित्राच्या थरावरचे) पिक्सेल संपून पारदर्शक भाग जिथे सुरू होतो, त्या कडेवरूनच तो फिरतो. बहुतेक तक्रारींचे मूळ इथेच सापडते.

आउटलाइन दिली तरी दिसतच नाही, ही सर्वांत सामान्य तक्रार. कॅनव्हास (फाइलचे पान) पूर्ण भरणाऱ्या चौकोनी फोटोला ‘आउटसाइड’ स्ट्रोक दिला, तर रेघ कॅनव्हासबाहेर पडते. अशा वेळी ‘इनसाइड’ निवडावे किंवा कॅनव्हास वाढवावा. बॅकग्राउंड लेयरला मात्र स्टाइल लागतच नाही. त्यावर डबल-क्लिक करून त्याचा साधा लेयर करून घ्यावा.

कापलेल्या फोटोभोवती अधूनमधून पांढरे ठिपके उमटतात किंवा रेघ फुगते, तेव्हा दोष आउटलाइनचा नसून कटिंगचा असतो. खोडरबराने पुसताना राहून गेलेले, डोळ्यांना न दिसणारे पिक्सेल स्ट्रोकला बरोबर सापडतात. म्हणूनच मी आधी भडक लाल रंगाचा जाड स्ट्रोक मुद्दाम लावतो, सगळी घाण उघडी पाडतो, ती पुसतो आणि मगच रंग पांढरा करतो. मूळ पार्श्वभूमीची झालर कडेला राहिली असेल, तर सिलेक्शन (निवडलेल्या भागाची कड) एक-दोन पिक्सेल आत घ्यावे. केसांच्या बाबतीत प्रत्येक बट जपण्याचा हट्ट सोडलेला बरा. आउटलाइन द्यायचीच असेल, तर डोक्याची कड गुळगुळीत कापलेलीच शोभते.

एकदा अकरा जणांचा बॅनर करताना मी प्रत्येकाच्या लेयरला वेगळा स्ट्रोक दिला होता. छापून आल्यावर पाहिले, तर पुढच्याची पांढरी रेघ मागच्याच्या खांद्यावरून आरपार गेलेली आणि सगळे जण वेगवेगळ्या स्टिकरांसारखे चिकटवलेले दिसत होते. सर्व लेयर एका ग्रुपमध्ये घालून स्ट्रोक ग्रुपलाच दिला, तर आउटलाइन संपूर्ण घोळक्याच्या बाहेरून एकच फिरते. ही सोय २०१२ च्या फोटोशॉप सीएस६ आवृत्तीपासून आहे, तरी अनेक जण अजूनही हाताने रेघा पुसत बसतात.

एडिट मेनूतील स्ट्रोक आणि लेयर स्टाइलमधील स्ट्रोक यांत गल्लत करू नये. पहिला थेट पिक्सेलवर रंगवला जातो, त्यामुळे जाडी नंतर बदलता येत नाही. दुसरा केव्हाही बदलता येतो.

जाडी ठरवताना केवळ स्क्रीनवर विसंबू नये. ३०० पीपीआयच्या (इंचाला ३०० पिक्सेल) फाइलमध्ये १० पिक्सेलचा स्ट्रोक कागदावर जेमतेम ०.८५ मिलिमीटर भरतो, आणि ३ मिलिमीटरच्या रेघेला सुमारे ३५ पिक्सेल लागतात. शिवाय फोटो लहानमोठा केला, तरी स्ट्रोकची जाडी आपोआप त्या प्रमाणात बदलत नाही. त्यासाठी लेयर स्टाइलमधील ‘स्केल इफेक्ट्स’ वापरावे किंवा स्ट्रोक दिलेला लेयर आकार बदलण्याआधीच स्मार्ट ऑब्जेक्ट करून ठेवावा, म्हणजे फोटो आणि स्ट्रोक एकत्र बांधले जातात.

कापलेला फोटो जेपीईजीमध्ये सेव्ह केला, की पारदर्शकता जाते आणि मागे पांढरा चौकोन येतो. त्यासाठी पीएनजीच वापरावे.

देवनागरी नावांना आउटलाइन देणे हा वेगळाच प्रकार आहे. इलस्ट्रेटर किंवा कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक अक्षर स्वतंत्र आकार असतो, त्यामुळे जिथे शिरोरेघा एकमेकींवर चढतात तिथे आडव्या रेघेत उभे जोड दिसू लागतात. अक्षरांमधील अंतर वाढवून हे सुटत नाही, उलट शिरोरेघच तुटते. मजकुराचे कर्व्ह करून (म्हणजे अक्षरांचे साधे आकार बनवून), कोरलमध्ये ‘वेल्ड’ किंवा इलस्ट्रेटरच्या पाथफाइंडरमध्ये ‘युनाइट’ देऊन अक्षरे एकजीव करावीत आणि मगच आउटलाइन लावावी. ती अक्षराच्या मागे ठेवली, तर मात्रा आणि अनुस्वार बारीक होत नाहीत. मात्र वेल्ड केलेला मजकूर पुन्हा टाइप करून सुधारता येत नसल्यामुळे मूळ मजकुराची एक प्रत बाजूला ठेवावी, कारण अध्यक्षांच्या नावातील वेलांटी छपाईच्या आदल्या रात्री ऱ्हस्वाची दीर्घ होण्याची शक्यता नेहमीच असते.