बोटीच्या ट्रेलरचा जॅक : आधी जागा ठरवावी, मग जॅक घ्यावा

बैल सोडल्यावर गाडीच्या दांडीखाली जसा टेकू लावतात, तसाच बोटीच्या ट्रेलरच्या दांडीला पुढे एक जॅक असतो. टेकूने नुसते उभे राहायचे असते. जॅकला मात्र दांडी उचलून गाडीच्या मागच्या बॉलवर (ट्रेलर जोडण्याच्या लोखंडी गोळ्यावर) बसवायची, तिथून ती सोडवून घ्यायची, चाकावर ट्रेलर ढकलत कोपऱ्यात न्यायचा आणि पुढचे कित्येक महिने बोटीचे नाक वर धरून ठेवायचे, अशी सारी कामे करावी लागतात. ट्रेलरबरोबर आलेला जॅक यातले पहिले काम बरे करतो आणि बाकीची कशीबशी निभावतो. म्हणून तो बदलण्याचा विचार आज ना उद्या बहुतेकांच्या मनात येतोच.

बडोद्यात या विचाराला विशेष कारण आहे. 31 जुलै 2019 रोजी शहरात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला, आणि ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी धोक्याची पातळी ओलांडून 35 फुटांच्याही वर गेली. अशा शहरात मंडळाची किंवा सोसायटीची बोट वर्षातला बहुतेक काळ ट्रेलरवरच उभी असते, आणि ज्या रात्री ती लागते त्या रात्री वीज गेलेली असते, अंगणात घोट्यापर्यंत चिखल असतो आणि हाताशी दोनच माणसे असतात. दांडी बॉलवर बसायला किती वेळ लागेल, हे त्या वेळी सर्वस्वी जॅकवर अवलंबून असते. त्यामुळे जॅक दुकानात बघून निवडण्याची वस्तू नाही, असे माझे ठाम मत आहे. तो दांडीवर नेमका कोठे बसणार हे आधी ठरवावे, कारण त्या जागेवरूनच त्याच्यावर किती भार येईल, त्याची उंची किती हवी आणि हँडल कोणत्या बाजूला फिरले पाहिजे, हे सगळे ठरते.

सुरुवात भार मोजण्यापासून करावी. बोटीच्या ट्रेलरच्या दांडीवर येणारा भार साधारणपणे एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के असावा असे मानतात. बोट, इंजिन, पेट्रोल आणि ट्रेलर मिळून 600 किलो होत असतील तर दांडीवर 30 ते 60 किलो. हा अंदाज झाला, प्रत्यक्ष आकडा मात्र काट्यावरच घ्यावा. ट्रेलर सपाट जमिनीवर उभा करून दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत आणि गाडीला जोडल्यावर दांडी ज्या उंचीवर राहते त्याच उंचीवर ती काट्यावर टेकवावी. भंगारवाल्याकडचा इलेक्ट्रॉनिक काटा यासाठी उत्तम. घरचा वजनकाटाच वापरायचा असेल आणि त्याची क्षमता पुरणार नाही अशी शंका असेल, तर एक जाड फळी घेऊन तिचे एक टोक विटेवर ठेवलेल्या लोखंडी नळीवर आणि दुसरे टोक काट्यावर ठेवलेल्या तशाच नळीवर टेकवावे. दोन नळ्यांमधले अंतर 3 फूट ठेवावे, दांडी विटेकडच्या नळीपासून 1 फुटावर टेकवावी, आणि नुसत्या फळीचे वजन वजा केल्यावर काट्यावर जो आकडा उरेल त्याला तिनाने गुणावे.

इंजिन बोटीच्या मागच्या फळीवर बसलेले असताना आणि काढून ठेवलेले असताना हा भार वेगवेगळा येतो, याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. चोरीच्या भीतीने इंजिन काढून आत ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. समजा इंजिन 100 किलोचे आहे, मागची फळी धुऱ्याच्या 1.2 मीटर मागे आहे आणि धुऱ्यापासून कपलर (दांडीच्या टोकाचा, बॉलवर बसणारा भाग) 4 मीटर पुढे आहे, तर इंजिन उतरवताच दांडीवरचा भार 30 किलोने वाढतो. म्हणून इंजिनाविना येणारा आकडाच हिशेबात धरावा. याच हिशेबाची दुसरी बाजू अधिक धोक्याची आहे. बचावाचे सामान चढवण्यासाठी 80-80 किलोची तीन माणसे एकदम बोटीच्या मागच्या भागात चढली, तर त्याच अंतरांवर दांडीवरचा 72 किलो भार कमी होतो. दांडीवर मुळात 50 किलोच असतील तर ती वर उचलली जाते आणि ट्रेलर मागे कलंडतो. जॅक दांडीला खालून आधार देतो, तिला खाली धरून ठेवत नाही. गाडी जोडलेली नसताना माणसे चढवायची असतील तर ट्रेलरच्या मागच्या आडव्या पट्टीखाली आधी भक्कम आधार लावावा.

आता जागा. जॅक कपलरपासून जितका मागे जाईल तितका त्याच्यावरचा भार वाढतो, कारण तो धुऱ्याच्या जवळ सरकतो. कपलरवर 60 किलो असतील आणि धुऱ्यापर्यंतचे अंतर 4 मीटर असेल, तर 40 सेंटीमीटर मागे बसवलेल्या जॅकवर सुमारे 67 किलो येतात आणि 1 मीटर मागे बसवलेल्यावर 80 किलो. हा फरक जॅकला जड नाही. हलक्या प्रकारचे फिरते, म्हणजे पिन ओढून आडवे करता येणारे जॅकसुद्धा 450 किलोच्या आसपासच्या क्षमतेचे मिळतात. मात्र ही क्षमता सरळ उभ्या भाराची असते. जॅक वाकतो तो बहुतेक वेळा बाजूने ढकलल्यामुळे, चाक खडीत किंवा चिखलात रुतलेले असताना ट्रेलर जोराने वळवल्यामुळे. त्यामुळे मोजलेल्या भाराच्या निदान तिप्पट क्षमतेचा आणि जाड नळीचा जॅक घेणे शहाणपणाचे. तो घेताना नळीची जाडी आणि आतल्या नळीचा खुळखुळाट हाताने हलवून पाहावा, डब्यावर छापलेल्या आकड्याइतकेच त्यालाही महत्त्व द्यावे.

जागेची खरी अडचण भारापेक्षा आजूबाजूच्या गोष्टींची असते. जॅक फार पुढे बसवला तर त्याचे डोके आणि हँडल गाडीच्या मागच्या दाराला आडवे येते. बोलेरो किंवा थारसारख्या गाड्यांचे मागचे दार बाजूला उघडते आणि त्याच्यावर स्टेपनी असते, म्हणून ही अडचण तिथे हमखास येते. दार पूर्ण उघडून त्याच्या खालच्या कडेची उंची आणि वळणाची रेघ जमिनीवर खडूने आखून घ्यावी. फार मागे बसवला तर हँडल विंचच्या (बोट पट्ट्याने ट्रेलरवर ओढून घेणाऱ्या चक्राच्या) खांबाला किंवा बोटीच्या नाकाला लागते आणि बोटांची साले निघतात. एका दांडीच्या ट्रेलरवर कपलरच्या 40 ते 60 सेंटीमीटर मागे आणि विंचच्या खांबाच्या पुढे अशी जागा बहुधा सोयीची पडते. हँडल वर फिरणाऱ्या जॅकपेक्षा बाजूला फिरणारा जॅक बोटीच्या ट्रेलरवर अधिक जमतो, कारण त्याच्या डोक्यावर मोकळी जागा कमी लागते.

कोणत्या बाजूला बसवायचा, हा प्रश्नही जागेचाच भाग आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून रस्त्याकडेला थांबून जॅक फिरवायची वेळ आली तर दांडीच्या डाव्या अंगाला उभा असलेला माणूस वाहतुकीपासून दूर राहतो. डावीकडे दिव्यांची वायर किंवा सुटे चाक आड येत नसेल तर तीच बाजू घ्यावी. फिरता जॅक वर उचलून आडवा केल्यावर त्याचे चाक मागे कोठवर पोहोचते, ते सुटे चाक, मडगार्ड आणि सेफ्टी चेन यांपासून सुटे राहते का, हेही त्याच वेळी पाहावे.

यासाठी एक साधा उपाय फार उपयोगी पडतो. जॅकच्या नळीएवढ्या जाडीची आणि तेवढ्याच लांबीची पीव्हीसी नळी ठरवलेल्या जागी दोरीने बांधावी, हँडलच्या जागी काठी अडकवावी, मग मोकळ्या मैदानात गाडी जोडून दोन्ही बाजूंना शक्य तितके तीव्र वळण घ्यावे. गाडीच्या बंपरचा कोपरा नळीच्या किती जवळ येतो ते एका माणसाने खाली बसून पाहावे. हाताची वीत सहज मावली पाहिजे. त्यानंतर काठी पूर्ण गोल फिरवून विंचचा पट्टा, विंचचे हँडल आणि काठी यांची गाठ कोठे पडते ते पाहावे. लोखंडाला भोक पाडण्याआधी खर्च झालेला हा एक तास वाया जात नाही.

उंचीच्या बाबतीत मात्र बारकाईने मोजावे लागते. जॅकची सर्वांत लहान लांबी आणि सर्वांत मोठी लांबी या दोन्हींचा विचार लागतो, आणि त्यांत लहान लांबी अधिक महत्त्वाची आहे. वरची उणीव खाली जाड फळी ठेवून भरून काढता येते. खालची उणीव भरून काढायला काहीच नसते. दांडी बॉलवर बसली, गाडीचा मागचा भाग भाराने थोडा दबला, आणि जॅक पूर्ण आखडूनही त्याचे चाक जमिनीला टेकलेलेच असेल, तर पिन ओढून जॅक आडवा करता येत नाही. सपाट फरशीवर 5 सेंटीमीटर मोकळी जागा पुरते. चिखलात चाक 8-10 सेंटीमीटर रुतते, म्हणून बडोद्याच्या काळ्या चिकण मातीचा विचार करून ही जागा 15 सेंटीमीटर ठेवावी. वरच्या बाजूला कपलर बॉलच्या माथ्यापासून निदान 5 सेंटीमीटर वर गेला पाहिजे, म्हणजे गाडी मागे घेताना तो बॉलवर आपटत नाही.

याशिवाय पावसाळ्यात बोट उभी असताना नाक वर हवे, म्हणजे आत पडलेले पाणी मागच्या बुचाच्या भोकातून वाहून जाते. साचलेल्या पाण्याचे वजन लिटरमागे एक किलो असते आणि ते मागे साचले तर वर सांगितलेला कलंडण्याचा धोका पाणीच निर्माण करते. समपातळीपेक्षा कपलर 10 ते 12 सेंटीमीटर वर राहील एवढी उचल जॅकमध्ये हवी. पुढच्या टोकाला बादलीभर पाणी ओतून ते कोठेही न थांबता मागे जाते का ते पाहावे. बूच काढून ठेवल्यावर ते विंचच्या हँडललाच बांधावे, म्हणजे बोट सोडण्याआधी हाताला लागते.

चाक की तळवा, यावर फार वाद घालण्याची गरज नाही. ढकलण्यासाठी चाक आणि उभे ठेवण्यासाठी तळवा असे दोन्ही बसवता येणारा जॅक घ्यावा. अरुंद कडक चाक मातीत सुरीसारखे घुसते, म्हणून 20 सेंटीमीटर व्यासाचे जोडचाक बरे. महिनोन्‌महिने उभे ठेवताना चाक काढून रुंद तळवा लावावा आणि त्याखाली 30 सेंटीमीटर चौरस, दोन प्लायवूड जोडून केलेली जाड फळी ठेवावी.

बसवण्याचे काम गाडी जोडलेल्या अवस्थेतच करावे, म्हणजे दांडीचा भार गाडीवर राहतो आणि जुना जॅक निर्धास्त काढता येतो. हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना ठोकळे लावलेले असावेत. ब्रॅकेट शक्यतो यू-बोल्ट आणि मागच्या पट्टीने आवळणारी घ्यावी. दांडीच्या वरच्या आणि खालच्या बाजूला भोके पाडणे टाळावे, कारण वाकण्याचा ताण तिथेच सर्वांत जास्त असतो, आणि पोकळ दांडीतून दिव्यांची वायर गेलेली असते ती ड्रिलखाली सापडते. वेल्डिंगचा मोहही टाळावा: गॅल्व्हनाइज्ड लोखंडावर वेल्डिंग केले की जस्ताचा धूर होतो, तो श्वासात गेला तर ताप भरतो, आणि जळालेल्या थराखाली आतून गंज धरतो. ट्रेलरवर वेल्डिंग करणे अटळच असेल तर मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत जस्ताचा थर आधी घासून काढणारा कारागीर गाठावा आणि नंतर जोडावर जस्तयुक्त रंग दोन हात द्यायला लावावा. बोल्ट 8.8 ग्रेडचे गॅल्व्हनाइज्ड आणि नट नायलॉकचे (आत नायलॉनचे कडे असलेले) घ्यावेत. चारही नट एकाआड एक, थोडे थोडे आवळावेत; एकच बाजू आधी घट्ट केली तर पातळ पत्र्याची दांडी चेपते आणि ब्रॅकेट कायमची तिरकी बसते.

जॅक उभा केल्यावर त्याची नळी ओळंब्यात आहे ना ते स्पिरिट लेव्हलने दोन्ही बाजूंनी तपासावे. फिरवून आडवा करताना पिन भोकात पूर्ण आत गेल्याचा खट्‌ असा आवाज येतो. तो ऐकल्यावरही नळी हाताने ओढून खात्री करावी, कारण पिन अर्धवट अडकली असेल तर वाटेतल्या पहिल्याच गतिरोधकावर जॅक खाली येतो आणि रस्त्याला घासून तुटतो. पहिल्या 50 किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा आवळावेत.

पुराच्या पाण्यात गेलेला जॅक गोड्या पाण्यातून आला म्हणून तसाच ठेवू नये. त्या पाण्यातला गाळ आटेदार स्क्रूमध्ये बसतो आणि वाळल्यावर हँडल जड जाते. नळाच्या पाण्याने नळी आतून-बाहेरून धुवावी, पूर्ण उघडून वाळू द्यावी, नळीच्या तळाचे पाणी निघण्याचे भोक तारेने मोकळे करावे, स्क्रूला आणि गिअरला लिथियम ग्रीस लावावे आणि शेवटी स्क्रू शक्य तितका आत घेऊन ठेवावा. सुटी पिन एक जादा घेऊन साखळीने दांडीलाच बांधावी.