केंद्र बघायला जाताय? आधी संडास बघा

मला दारू सोडून ११ वर्षं झाली. त्याआधी दोन व्यसनमुक्ती केंद्रांत राहिलो, एकात २१ दिवस, दुसऱ्यात ३५. आता आमच्या, म्हणजे दारू सोडलेल्यांच्या, मीटिंगला येणाऱ्या घरच्यांबरोबर केंद्र बघायला जातो. महिन्याला एखाद्या वहिनीचा, नाहीतर कुणाच्या मोठ्या भावाचा फोन येतोच, "दादा, चांगलं केंद्र सांगा." पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेलं मुक्तांगण सगळ्यांना ठाऊक असतं, पण प्रत्येकाला पुणं जमत नाही. मग तालुक्याच्या गावातलं बघावं लागतं. ते कसं बघायचं, एवढंच मी सांगू शकतो.

फोनवर काही ठरवू नका. "पत्ता द्या, रात्रीत उचलून आणतो," असं जो म्हणेल त्याचा फोन तिथंच ठेवा. मला तसंच उचललं होतं. पहाटे तीनला चौघे आले; अंगात बनियन, पायात चप्पल नाही. उजाडल्यावर डोकं भादरलं. २१ दिवस डोक्यात एकच, बाहेर पडल्यावर पहिली क्वार्टर कुठं मारायची. मारली, एसटी स्टँडसमोर, सुटलो त्याच दुपारी.

दारू-ड्रग्जमुळे होणारे मानसिक आजार २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात येतात. म्हणून राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाच्या नोंदणीचा कागद मागा आणि त्यावरची मुदत वाचा. साखळीने बांधणं, जबरदस्तीने डोकं भादरणं, जबरदस्तीने राबवून घेणं हे त्या कायद्याला चालत नाही. कागद मागितल्यावर समोरच्याचा चेहरा बदलला की मी तरी चप्पल घालतो.

मग संडास-बाथरूम बघू द्या म्हणायचं. ऑफिसात फिशटँक कुणीही ठेवतो. जिथं संडासाला आतून कडी नाही, पण का नाही ते नीट सांगतात, तिथं मी थांबतो. जिथं बादली नाही, तिथं नाही. स्वयंपाकघरातही डोकवा आणि भांडी कोण घासतं ते विचारा. सगळे आळीपाळीने घासत असतील तर ठीक. पैसे कमी भरलेले तेवढेच घासत असतील, तर समजा.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न रात्रीचा. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होऊन माणूस पार भरकटू शकतो. यात जीव जातो. तेव्हा "रात्री दोनला फिट आली तर कोण उठतं, डॉक्टर किती लांब, गाडी कुठली?" हे असंच्या असं विचारा. "आमच्याकडे असं होत नाही" हे उत्तर नव्हे.

दुसऱ्या केंद्रात रात्रपाळीच्या सिस्टर दर चार तासांनी यायच्या. नाडी, बीपी, मग "हात पुढं करा, बोटं पसरा." पसरलेल्या बोटांवर वहीचा कोरा कागद ठेवायच्या. पहिल्या रात्री तो पिंपळाच्या पानासारखा फडफडला आणि खाली पडला. त्यांनी वेळ लिहिली, गोळी दिली, गेल्या. पाचव्या दिवशी कागद हलला नाही, तेही त्यांनी तसंच लिहिलं. मला सेवा म्हणजे काय ते त्या वहीत दिसलं. केंद्रात गेलात की अशी वही आहे का ते विचारा.

वरणातून, चहातून गुपचूप गोळी द्यायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. डायसल्फिराम या दारू सोडवायच्या गोळीवर दारू पडली तर माणूस गंभीर होऊ शकतो. ती गोळी डॉक्टरने, त्याला सांगून, त्याच्या संमतीने द्यायची असते.

ब्राउन शुगरवाल्यांच्या घरच्यांनी एक जास्तीचं विचारावं. काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सवय मोडते आणि जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबू शकतो. माणूस सुटताना केंद्र हे सांगतं का?

आणि परत प्यायलेल्याचं काय करता? हे विचारून गप्प बसायचं. "१०० टक्के गॅरंटी" म्हणाले तर उठा. पुन्हा पूर्ण पॅकेज भरा म्हणाले तरी उठा. मी चौथ्या महिन्यात चुलतभावाच्या हळदीला घसरलो. आमचे समुपदेशक दर गुरुवारी संध्याकाळी फोन करायचे, त्या गुरुवारी मी उचलला नाही. शुक्रवारी त्यांनी बायकोला केला. शनिवारी मी समोर बसलो, तर म्हणाले, "जेवलास का?" मग तासभर हळदीच्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते विचारत बसले. घरी गेल्यावर फोन कोण करतं, किती महिने करतं, घरच्यांची वेगळी बैठक असते का, हे लिहून घ्या.

केंद्रच सापडत नसेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फुकट आहे.

जाताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या, जुने रिपोर्ट, दोन टॉवेल न्या. शेवटची कधी घेतली आणि रोज किती, हा आकडा डॉक्टरला खरा सांगा. घरचे लाजेने निम्मा सांगतात, पिणारा निम्म्याचा निम्मा, आणि गोळीचं माप त्याच आकड्यावर ठरतं.